आहारतज्ज्ञाची पहिली पावले : कोलकात्याच्या वस्तीत

घरातील एखादी मुलगी गृहविज्ञानाची किंवा शास्त्र शाखेची पदवी घेऊन येते आणि आपल्याला आहारतज्ज्ञ व्हावयाचे आहे असे सांगते, तेव्हा बहुतेक वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. एखादे मोठे रुग्णालय, पांढरा कोट, टेबलावर मांडलेला तक्ता, आणि मधुमेहाच्या रोग्याने दिवसाकाठी किती पोळ्या खाव्यात याचा हिशेब. हे चित्र खोटे नाही. परंतु याच विद्येची दुसरी एक वाट आहे. ती रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडते आणि अंगणवाडीतून, नागरी आरोग्यकेंद्रातून, वस्तीतील अरुंद बोळांतून सरळ चुलीपर्यंत जाते. सामाजिक आरोग्यसेवेतील आहारतज्ज्ञ ही माणूस आजारी पडण्याची वाट पाहत बसत नाही. तो आजारी पडू नये म्हणून त्याच्या पानात काय वाढले जाते, हे पाहावयास ती स्वतः जाते.

या वाटेवरील पहिली पावले कशी पडतात, ती कोठे अडखळतात आणि कशाने सावरतात, हे समजून घेण्यास कोलकात्यासारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल. अन्नाविषयीचे काही फार कटू आणि काही फार मोलाचे धडे या शहराने देशाला दिले आहेत.

चित्तरंजन अॅव्हेन्यूवरील विद्यापीठ

कोलकात्याच्या चित्तरंजन अॅव्हेन्यूवर ‘अखिल भारतीय आरोग्यशास्त्र व सार्वजनिक आरोग्य संस्था’ आहे. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने ती १९३२ साली स्थापन झाली. आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका आणि उपयोजित पोषणशास्त्राचे उच्च शिक्षण यांसाठी देशातील निरनिराळ्या राज्यांतील विद्यार्थी येथे येत आले आहेत. या संस्थेचे खरे वैशिष्ट्य मात्र तिच्या वर्गखोल्यांत नाही. हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे १९३९ साली तिने ग्रामीण आरोग्यकेंद्र उभारले आणि १९५५ साली दक्षिण कोलकात्यातील चेतला येथे नागरी आरोग्यकेंद्र सुरू केले. सार्वजनिक आरोग्य शिकावयाचे तर जनतेत जाऊनच शिकावयाचे, हा त्यामागील विचार होता.

अन्नाचा प्रश्न ताटात सुरू होत नाही, तो कित्येकदा बाजारात सुरू होतो, हे या संस्थेतील संशोधकांनी एका जुन्या रोगाच्या निमित्ताने दाखवून दिले. १८७७ साली कोलकात्यात अंगावर सूज आणणाऱ्या एका साथीच्या विकाराची नोंद झाली. पाय सुजत, धाप लागे, हृदय दुर्बळ होई. ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ या नावाने तो ओळखला गेला. बंगाल भात खाणारा प्रांत. तेव्हा खराब तांदूळ हेच कारण असावे, असा समज वैद्यकातही दीर्घकाळ टिकून राहिला. पुढे संशय मोहरीच्या तेलाकडे वळला. १९३७ च्या सुमारास डॉ. आर. बी. लाल व त्यांचे सहकारी यांनी घरोघरच्या आहाराची चौकशी करून त्या संशयाला भक्कम आधार दिला. आपल्याकडे ज्याला पिवळा धोत्रा म्हणतात, त्या काटेरी झुडपाचे बी दिसावयास मोहरीसारखेच असते. त्याचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले की हा रोग होतो, हे निश्चित झाले. वर्षानुवर्षे तांदळावर घेतलेला आळ अशा रीतीने दूर झाला.

हा इतिहास केवळ जुना म्हणून सोडून देता येत नाही. १९८८ साली याच शहराच्या बेहाला भागात खाद्य तेलातील विषारी भेसळीमुळे अनेक माणसांचे हातपाय लुळे पडले. म्हणून कोलकात्यात काम करणाऱ्या आहारतज्ज्ञाने ‘तेल किती वापरता?’ एवढे विचारून थांबता कामा नये. कोणते तेल, कोठून आणले, सुटे की बंद डब्यातील, हेही तिला विचारावे लागते.

तक्त्यात जे लिहिलेले नसते

आहारशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच वर्षी अन्नघटकांचा तक्ता येतो. १९३७ साली डॉ. डब्ल्यू. आर. अॅक्रॉइड यांनी कुन्नूरच्या पोषण-प्रयोगशाळेतून भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपास आली. तिने २०१७ साली काढलेल्या तक्त्यांत ५२८ पदार्थांचे पृथक्करण आहे. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ३५० उष्मांक असतात, तेवढ्याच मसुरीच्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, असे सारे काही त्यात मिळते. एकच गोष्ट मिळत नाही : ती डाळ त्या घरात आलेली आहे की नाही.

१९४३ च्या दुष्काळाने हे फार क्रूरपणे शिकविले. खेड्यापाड्यांतून कोलकात्यात आलेली माणसे दारोदार ‘फ्यान दाओ’ अशी याचना करीत. फ्यान म्हणजे भात वेळून काढलेले पाणी. भात मागण्याची आशाच उरलेली नव्हती. दुष्काळ चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. नंतरच्या कित्येक अभ्यासकांच्या मते ती ३० लाखांच्या घरात होती. त्या आयोगाचे एक सदस्य होते तेच डॉ. अॅक्रॉइड. पुढे १९८१ साली प्रा. अमर्त्य सेन यांनी या दुष्काळाची चिकित्सा करून दाखविले की, धान्याचा तुटवडा हे त्याचे पुरेसे कारण नव्हते. शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या हाती ते विकत घेण्याची ऐपत राहिली नव्हती.

नव्या आहारतज्ज्ञाने हा धडा आपल्या कामाच्या आरंभीच गाठीशी बांधावा. आजचा एक साधा हिशेब पाहा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार अग्रक्रमाच्या कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. दिवसाला ते सुमारे १६७ ग्रॅम पडते. म्हणजे ५८० च्या आसपास उष्मांक. अंगमेहनत करणाऱ्या प्रौढ माणसाची गरज दोन हजारांहून अधिक असते. हे धान्य मोठाच आधार आहे, यात शंका नाही. परंतु बाकीचे उष्मांक, आणि डाळ, तेल, भाजी, मासळी हे सारे, त्या घराने बाजारातून आणावयाचे असते. ज्या घरात रोजची मजुरी येईल तेव्हाच बाजार होतो, तेथे ‘आहारात प्रथिने वाढवा’ हा उपदेश ऐकणाऱ्याला केवळ लाज वाटावयास लावतो.

सल्ल्याआधी चौकशी

मग तिने करावे काय? अनुभवी माणसे सांगतात, आधी विचारावे. आहारशास्त्रात यासाठी ‘मागील चोवीस तासांची उजळणी’ ही एक पद्धत आहे. काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय पोटात गेले, ते क्रमाने आठवावयास लावावयाचे आणि त्या घरातील वाटी, पळी, चमचा यांच्या मापाने मोजावयाचे. ऐकावयास सोपी वाटणारी ही गोष्ट साधण्यास पुष्कळ दिवस जातात.

महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या मुलीपुढे तर भाषेचीच पहिली परीक्षा असते. आपण पाणी पितो. बंगाली माणूस पाणी ‘खातो’, चहाही ‘खातो’ आणि औषधही ‘खातो’. त्यामुळे ‘मुलाने काय खाल्ले?’ या प्रश्नाच्या उत्तरात कपभर चहा आला तर आश्चर्य वाटावयास नको. ‘भात खाल्ला का?’ या बंगाली प्रश्नाचा अर्थही ‘जेवण झाले का?’ एवढाच असतो. ‘हो, भात खाल्ला’ या उत्तरावरून भातासोबत काय होते, हे मुळीच कळत नाही. आपल्याकडे ‘भाजी-भाकरी खाल्ली’ म्हणणाऱ्या घरात भाजी असतेच असे नाही, तसेच हे आहे. तेव्हा ‘बौदी, भाताबरोबर काय होते? वाटीत डाळीचे पाणी होते की खालची डाळ? माशाचा तुकडा कोणाच्या पानात गेला?’ असे एकेक पाऊल पुढे जावे लागते. आणि शेवटचा प्रश्न, जो कोणत्याही छापील नमुन्यात ठळक केलेला नसतो, तो असा : सर्वांत शेवटी कोण जेवले आणि तोवर भांड्यात काय उरले होते?

समजा, दक्षिण कोलकात्यातील एखाद्या वस्तीत चौदा महिन्यांचे एक मूल आहे. आई सकाळी लवकर उठून चार घरची धुणीभांडी करण्यास जाते. मूल आजीपाशी असते. अंगणवाडीतील वजनकाट्यावर त्याचे वजन दोन महिने हललेले नाही. उजळणीत निघते ते असे : सकाळी चहात बुडवून बिस्कीट, दुपारी डाळीच्या पाण्यात कालवलेला भात व थोडा बटाटा, संध्याकाळी मूठभर मुरमुरे, रात्री पुन्हा भात आणि माशाचा झोल. मासा दिलेला नाही. काटा घशात अडकेल ही आजीची धास्ती. चार वेळा मूल खाते आहे, कोणी त्याला उपाशी ठेवलेले नाही, आणि तरीही ते वाढत नाही.

येथे पुस्तकी ज्ञान उपयोगी पडते, पण ते या घराच्या मापाने. या वयाच्या मुलास दिवसाला सुमारे हजार-अकराशे उष्मांक लागतात. त्यांतील काही भाग आईच्या दुधातून येतो. त्याचे पोट मात्र अवघे वाटीभर. पातळ पाण्याने ते भरते, आणि भूक भागल्यासारखे वाटून मूल तोंड फिरविते. म्हणून अन्न चमच्यातून ओघळणार नाही इतके दाट हवे. भांड्याच्या तळची डाळ भातात कुस्करावी. त्यावर एक लहान चमचा तेल घालावे. एवढ्या तेलाने सुमारे ४५ उष्मांक वाढतात आणि पोटात जागा जवळजवळ व्यापली जात नाही. मासा बोटांनी चुरून, काटे काढून द्यावा. मोठ्या भावासाठी उकडलेल्या अंड्यातील अर्धे याला मिळावे. बिस्कीट व चहा यांच्या जागी सातूचे पीठ कालवून द्यावे. ते कोलकात्यात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. यांपैकी एकही गोष्ट त्या घराला परकी नाही. आणि हे सारे सांगावयाचे ते दमून आलेल्या आईच्या जोडीला आजीला. तिला ‘माशिमा’ म्हणून, तिच्या शेजारी बसून, तिच्याच हातून पहिला घास कालवून घ्यावा. पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करावे.

उष्टावणानंतरचे दिवस

आपल्याकडे जसे उष्टावण, तसे बंगालमध्ये अन्नप्राशन; बोलण्यात त्याला ‘मुखे भात’ म्हणतात. सामान्यतः मुलाचे सहाव्या, मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात हा समारंभ होतो आणि आपल्याप्रमाणेच तेथेही मामाच्या हातून पहिला घास भरविण्याची रीत आहे. सहा महिने केवळ आईचे दूध आणि ते पुरे झाल्यावर दुधाच्या जोडीला वरचे अन्न, असे आजचे वैद्यक सांगते. म्हणजे परंपरेने आणि शास्त्राने जवळपास एकच मुहूर्त धरलेला आहे. अडचण समारंभाच्या दिवशी नसते, दुसऱ्या दिवशी असते. पायस संपते, पाहुणे जातात, आणि मूल पुन्हा बाटलीकडे व पातळ पाण्याकडे वळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे ११ टक्के मुलांनाच पुरेसा व विविध आहार मिळत असल्याचे आढळले. तेव्हा अंगणवाडीत अन्नप्राशनाचा दिवस साजरा होतो, त्याच वेळी पुढील महिन्यांची तयारी करून देणे, हे आहारतज्ज्ञाचे फार महत्त्वाचे काम होय.

याच पाहणीनुसार पश्चिम बंगालमध्ये पाच वर्षांखालील सुमारे ३४ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली होती, आणि १५ ते ४९ वयोगटातील ७१ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय होता. गरोदरपणी १८० दिवस लोहाच्या गोळ्या देण्याची सोय शासनाने केलेली आहे. तरीही त्या पुष्कळ घरी डब्यात पडून राहतात. मळमळ होते, शौचाचा रंग काळा होतो, आणि घाबरलेली स्त्री कोणाला न सांगता गोळी बंद करते. हा काळा रंग लोहाचाच असतो, त्यात भय नाही; गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहाने लोहाचे शोषण घटते; जेवणात लिंबू पिळावे, कारण त्याने ते वाढते. एवढे तीन वाक्यांचे बोलणे वेळीच झाले, तर डब्यातली गोळी पोटात जाते. कोलकात्याच्या बाजारात मिळणारी कलमी शाक, म्हणजे आपली नाळीची भाजी, पुई शाक, म्हणजे मायाळू, आणि मौरला नावाची बारीक मासळी यांची नावेही तिला तोंडपाठ असावीत. मौरला काट्यांसकट खाल्ली जाते, म्हणून तिच्यातून चुनाही मिळतो आणि ‘अ’ जीवनसत्त्वही.

एकच सल्ला सर्वांना नाही

पुस्तक सांगते, भात वेळून पाणी टाकू नका, त्यात ‘ब’ जीवनसत्त्वे वाहून जातात. हे खरे आहे. परंतु बंगालच्या काही जिल्ह्यांत भूजलात आर्सेनिक हे विष आहे. १९८३ साली कोलकात्यातील उष्णकटिबंधीय रोगविज्ञान संस्थेचे डॉ. के. सी. साहा यांनी त्याचे रोगी प्रथम उजेडात आणले. अशा भागातील तांदूळ भरपूर शुद्ध पाण्यात शिजवून ते पाणी काढून टाकले, तर भातातील आर्सेनिक कमी होते. म्हणजे एका गावी जो सल्ला हिताचा, तोच दुसऱ्या गावी उलटा द्यावा लागतो. आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न राहतो तो, स्वयंपाकाचे पाणी कोठून येते, हा.

सद्भावनेलाही येथे शास्त्राचा लगाम लागतो. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरलेले मूल अतितीव्र कुपोषित समजले जाते. त्यात ते आजारीही असेल, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात नेले पाहिजे. तेथे त्याला पोटभर वाढले जाईल, अशी आईची अपेक्षा असते. प्रत्यक्षात पहिले काही दिवस १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असलेले विशेष दूध थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी दिले जाते. शरीर सावरल्यावर १०० उष्मांकांचे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहावर एकदम अन्नाचा भार टाकणे जिवावर बेतू शकते. हे आईला धीराने समजावून सांगणारी व्यक्ती जवळ नसेल, तर ‘येथे माझ्या लेकराला खायला देत नाहीत’ असे म्हणून ती त्याला उचलून घरी नेण्याचा धोका असतो.

अशा कामाची परंपरा कोलकात्यात आहे. डॉ. समीर चौधुरी यांनी १९७४ साली सुरू केलेल्या ‘चाइल्ड इन नीड इन्स्टिट्यूट’ने धान्य आणि डाळ भाजून-दळून केलेले स्वस्त पूरक पीठ मातांच्या हाती दिले. १९७१ च्या निर्वासित छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी नातेवाइकांकरवी पाजून असंख्य प्राण वाचविले. दोघांनीही उपाय घरच्या माणसांच्या हाती सोपविला, आणि म्हणूनच तो टिकला.

ही वाट निवडणाऱ्यांसाठी

आता घरच्या मंडळींच्या शंकांविषयी. अन्न व पोषण विषयातील पदवी, त्यावर पदव्युत्तर शिक्षण अथवा पदविका आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष उमेदवारी, असा या व्यवसायाचा सर्वसाधारण क्रम आहे. आहारतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना १९६३ पासून कार्य करीत आहे, आणि २०२१ च्या कायद्याने आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांत पोषणशास्त्राच्या व्यावसायिकांना स्थान मिळाले आहे. हे झाले जमेचे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सामाजिक सेवेतील अनेक जागा कंत्राटी असतात. खासगी रुग्णालयापेक्षा वेतन कमी असू शकते. ऊन, पाऊस आणि गुडघाभर साचलेले पाणी यांतून हिंडावे लागते. कामाचे फळ महिनोन्महिने दिसत नाही. जे मूल आजारी पडलेच नाही, त्याची आई आभार मानावयास येत नाही. मुलीने हे सर्व जाणून निर्णय घ्यावा आणि घराने तो ऐकून घ्यावा. तिला नोकरीच्या पहिल्या वर्षात सर्वांत अधिक गरज असते ती तिच्या वस्तीतल्या कामाला हलके न लेखणाऱ्या घराची.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहारतज्ज्ञ होऊ इच्छिणारी मुलगी असेलच असे नाही. तथापि तिची पहिली विद्या आपल्याला आज रात्रीच घरी करून पाहता येईल. जेवणे आटोपल्यावर वही घ्यावी, आणि कालपासून घरातील प्रत्येकाने काय व किती खाल्ले, हे वाटी-चमच्याच्या मापाने लिहावे. सर्वांत लहान मुलाच्या वाटीत दाट काय गेले आणि पाणी किती गेले, हे पाहावे. शेवटी पानावर बसणाऱ्या बाईच्या नावापुढची ओळ किती भरते, तेही पाहावे. ती ओळ रिकामी राहिली असेल, तर उद्या तिला सर्वांबरोबर जेवावयास बसवावे आणि वरणाच्या भांड्यातील तळची पळी तिच्या पानात वाढावी.